गिअरच्या दातात मुरलेला कार्बन

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकाचा सिग्नल लाल होतो. शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याजवळ दुचाक्यांची गर्दी थांबते. कुणाला चिकलठाणा एमआयडीसी गाठायची असते, कुणाला वाळूज. गाड्या उभ्या, इंजिने चालूच. मिनिटाला पंधराशे फेरे धरले, तर क्रँकशाफ्टवरच्या छोट्या गिअरचा एकेक दात तेवढ्या मिनिटात पंधराशे वेळा समोरच्या दातांना भिडतो. गाडी पळू लागली की हा आकडा पाच-सहा हजारांवर जातो. वर्षानुवर्षे असे चालूनही दात शाबूत! तेलाची मदत असतेच, पण खरी करामत आहे दाताच्या जेमतेम मिलिमीटरभर कातडीत.

गिअरसाठी मुळात मऊ पोलाद घेतात. शंभर किलोत कार्बन अवघा २०० ग्रॅम. त्यामुळे दाते कापणे सोपे जाते. मग हा कापलेला तुकडा, म्हणजे कारखान्याच्या भाषेत जॉब, हीट ट्रीटमेंटला जातो. कार्बनयुक्त वायू भरलेल्या भट्टीत, ९०० ते ९५० अंश सेल्सिअसला, तो काही तास राहतो. एवढ्या उष्णतेत लोखंडाच्या अणूंची मांडणीच बदललेली असते. थंड लोखंडाच्या मांडणीत ०.०२ टक्क्यापलीकडे कार्बन मावत नाही; या तापलेल्या मांडणीत, म्हणजे ऑस्टेनाइटमध्ये, तो कितीतरी पट मावतो. लोणच्याच्या फोडीत मीठ मुरावे तसा तो बाहेरून आत मुरत जातो. दुप्पट खोल मुरवायचा तर वेळ मात्र चौपट लागतो. शेवटी कडेला कार्बन ०.८ टक्क्याच्या आसपास पोचतो आणि गाभा होता तसाच राहतो.

आता जॉब तेलात बुडवायचा. गार होताना अणू जुन्या मांडणीकडे परतू पाहतात, पण कार्बनला बाहेर पडायला सवडच मिळत नाही. तो आतच अडकतो आणि अणूंची जाळी ताणली जाते. हे मार्टेन्साइट, जर्मन धातुतज्ज्ञ अडोल्फ मार्टेन्स यांचे नाव त्याला मिळाले आहे. यात अणू शेजार सोडत नाहीत. सगळे मिळून, दोन अणूंमधल्या अंतरापेक्षाही कमी सरकतात, तरी मार्टेन्साइटच्या पट्ट्या सेकंदाला सुमारे एक किलोमीटर वेगाने वाढू शकतात!

मार्टेन्साइटला जागाही जास्त लागते. फुगू पाहणाऱ्या कातडीला गाभा धरून ठेवतो, म्हणून पृष्ठभाग कायम दाबाखाली राहतो आणि बारीक तडा सहजी उघडत नाही. शेवटी १५० ते २०० अंशांना पुन्हा तापवून, म्हणजे टेंपरिंग करून, ठिसूळपणा कमी करतात. हिऱ्याचे टोक दाबून कठीणपणा मोजणाऱ्या रॉकवेल सी मापावर कातडी ६० च्या आसपास भरते, गाभा ३० ते ४०. कातडी घर्षण सोसते, गाभा हिसके.

मग जितके कठीण तितके टिकाऊ, असे म्हणावे का? मराठवाड्यातल्या रस्त्यांखालची खडी वेगळेच सांगते. ती काळ्या बेसाल्टची. जबड्याच्या क्रशरमध्ये हा दगड फोडणाऱ्या प्लेटा नुसत्या कठीण असत्या, तर घावांनी तडकल्या असत्या. त्यांच्यासाठी वापरतात ते पोलाद शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्डने १८८२ मध्ये शोधले. त्यात मँगनीज १२-१३ टक्के आणि कार्बन एक टक्क्याहून अधिक. हजार अंशांच्या वर तापवून ते पाण्यात बुडवले, तर कठीण व्हायचे सोडून चिवट आणि तुलनेने मऊ राहते, कारण मँगनीजमुळे ऑस्टेनाइट थंड झाल्यावरही मोडत नाही. मग दगड आदळू लागले की जिथे घाव तिथला थर दुपटीहून कठीण होतो. तो झिजला की खालचा थर नव्या घावांनी तयार होतो. रेल्वेचे रूळ जिथे एकमेकांना छेदतात, तिथेही हेच पोलाद बसवतात.

मात्र त्यावर नुसती वाळू घासत राहिली, दणका बसलाच नाही, तर ते कठीण होत नाही आणि भराभर झिजते. गिअरला घर्षण सोसायचे असते, क्रशरला घाव. म्हणून भट्टी पेटवण्याआधी कारागिराला विचारावे लागते, हा जॉब झिजणार आहे तो कशाने?