एक जूनचा मुलगा

सकाळी 7:00, सातपूर
उद्या पंधरावा दिवस. मुलाला बाल न्याय मंडळापुढे पहिल्यांदा हजर केलं की पंधरा दिवसांत परिविक्षा अधिकाऱ्याने सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा, असं 2015चा कायदा सांगतो. तो अधिकारी मी. मुलाची आई कंपनीत हेल्पर आहे; पाळी सुरू व्हायच्या आत तिला खोलीवरच गाठलं.
“हा कधी झाला, ताई?”
“आवणी चालली होती, साहेब. दिवसभर चिखलात होते, राती झाला.”
आवणी म्हणजे भाताची लावणी. पेठ-सुरगाण्याकडे ती पाऊस चांगला बसल्यावर, जुलैत. वहीत लिहून खाली रेघ मारली.

9:30, उंटवाडी
कागदावर निरीक्षणगृह, रिक्षावाल्याला मात्र ‘रिमांड होम’च सांगावं लागतं. पोरगा पोह्यांची ताटली तशीच ठेवून बसलेला.
“सर, मला नाशिकरोडला पाठवतील?”
नाशिकरोड म्हणजे सेंट्रल जेल. मी म्हटलं, “आधी खाऊन घे.”

11:00, मंडळ
इथे उंच व्यासपीठ नाही, पिंजरा नाही. न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक सदस्य आमच्यासारख्याच खुर्च्यांवर बसतात. हवालदारही साध्या कपड्यांत.
पोरानं 9 जूनला एकाचा मोबाइल हिसकावला, असा आरोप आहे. सतरा पूर्ण, असं त्यानं सांगितलं, म्हणून तो इथे आला. आता पोलिसांनी शाळेचा दाखला आणलाय. जन्मतारीख 1 जून. म्हणजे घटनेच्या दिवशी अठरा वर्षं आणि आठ दिवस. हे मान्य झालं तर प्रकरण मोठ्यांच्या कोर्टात जाणार.
वय ठरवताना कायदा पहिला मान शाळेच्या दाखल्याला देतो, तो नसेल तर पालिका-पंचायतीच्या जन्मदाखल्याला, दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. पोरगा घरी जन्मला. ग्रामपंचायतीत नोंदच नाही. जन्मल्याबरोबर नोंद होणं हा मुलाचा हक्क आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या 1989च्या बालहक्क करारात सातव्या कलमात लिहिलंय. भारताने तो 1992मध्ये स्वीकारला.

12:15
मुख्याध्यापिकाबाई जनरल रजिस्टर कापडात गुंडाळून घेऊन आल्या. पान उघडलं. वरपासून खालपर्यंत एक जून, एक जून, एक जून.
“पुरावा काय घेतला होता?”
“काही नाही, सर. पहिलीला वय बसावं म्हणून तेव्हाच्या गुरुजींनी लिहून टाकलं.”
हवालदार खाली मान घालून हसले. त्यांचाही वाढदिवस एक जूनच.
तारखेचा निर्णय पुढच्या बैठकीत.

दुपारी 2:00
डबा खाताखाता विचार तोच. जर्मनीत अठरा ते एकवीसच्या आरोपीची समज अजून किशोराचीच आहे असं न्यायालयाला वाटलं, तर त्याला किशोरांचा कायदा लावता येतो. तिथे या आठ दिवसांसाठी कुणी रजिस्टर उघडलं नसतं. इंग्लंडात केंटमधल्या बोर्स्टल गावी 1902 साली तुरुंगातल्या तरुणांसाठी वेगळी संस्था निघाली. तिच्या नावाने मुंबई इलाख्यात 1929चा बोर्स्टल शाळा कायदा आला. नाशिकचं किशोर सुधारालय त्याच घराण्यातलं. लहान आणि मोठा यांच्यामध्ये एक पायरी असते, हे या शहराला जुनंच ठाऊक आहे. आमच्या मंडळाच्या दारात मात्र अठराचा उंबरठाच.

4:00
गेल्या वर्षी सुटलेल्या एका मुलाच्या आयटीआयच्या अर्जावर सही. दुसऱ्याच्या बापाला फोन, उचलला नाही.

6:00
अहवाल. घर, शाळा, मित्र, कमाई, व्यसन. आई-बाप कामावर, नववीत शाळा सुटली, हिसकावलेला फोन विकायचंही त्याला जमलं नाही. हे सगळं सरळ लिहिता आलं.
वयाच्या रकान्यात दाखल्याप्रमाणे 1 जून लिहिलं. दुसरी ओळ मावेना. मग समासातच लिहिलं: आई सांगते, आवणी चालू होती.