थंडीतल्या भाजीचे घर

(द्वितीय वर्ष बी. ए., भूगोल)

"थंडीत भाजी तर आपसूक येतीया, तिला आणि घर कशाला पायजे?"

हा प्रश्न आमच्या आप्पांचा. हंगामात ते सांगलीच्या हळद पेठेत हमाली करतात आणि एरवी घरच्या वीस गुंठ्यांत भाजी लावतात. वर्गात ऐकलेले घरी जाऊन त्यांना सांगायचे, अशी माझी सवय आहे. आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहणारा मीच पहिला. त्यामुळे तिथे काय शिकवतात याची त्यांना उत्सुकता असते, आणि ते शिक्षण कशाच्या उपयोगाचे अशी शंकाही. हिवाळ्यात भाजी पिकवण्यासाठी बांधलेल्या हरितगृहांविषयी मी सांगू लागलो, तेव्हा त्यांनी हा प्रश्न टाकला.

त्यांचे काही चुकले नाही. आपल्याकडे हिवाळा म्हणजे भाजीचा सुकाळ. मेथी, कोथिंबीर, मुळा, पालक, फ्लॉवर सगळे याच दिवसांत भरभरून येते. डिसेंबरात मेथीच्या पेंडीला कधी कधी गिऱ्हाईकही मिळत नाही. परंतु याच देशात असाही एक मुलूख आहे, की जिथे त्याच डिसेंबरात ओढ्याचे पाणी दगडासारखे होते. तो मुलूख म्हणजे लडाख.

माझे चुलते फौजेत होते. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. निवृत्त होण्यापूर्वी एक हिवाळा त्यांनी लेहमध्ये काढला. तिथल्या एका म्हातारीने जानेवारीत त्यांना आपल्या मातीच्या भिंतींच्या खोलीत नेले आणि मूठभर कोथिंबीर हातावर ठेवली. कित्येक आठवड्यांत त्यांनी हिरवे पान पाहिले नव्हते. "बारकं प्वार धरावं तशी धरून बसलो," असे तात्या अजून सांगतात. ही कोथिंबीर तिथे आली कशी, हेच या लेखात सांगायचे आहे.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. वर्षभराचा पाऊस व बर्फ मिळून अवघा १०० मिलिमीटरच्या आसपास. हिवाळ्याच्या रात्री तापमान उणे वीस अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली जाते. शेतीचा हंगाम उन्हाळ्याच्या चार-पाच महिन्यांचा. श्रीनगरकडून येणारा रस्ता झोजी खिंडीत आणि मनालीचा रस्ता उंच घाटांत बर्फाने बंद होई. मग कित्येक महिने ताजी भाजी यायची ती विमानाने. अलीकडे रस्ते बंद राहण्याचा काळ बराच कमी झाला आहे. तरीही दूरवरून येणारी भाजी महागच पडते. पूर्वीचे लोक पालक आणि शलगमाची पाने वाळवून ठेवत. बटाटे, गाजरे, शलगम जमिनीतल्या खड्ड्यांत पुरून ठेवत. ताजे हिरवे पान वसंतातच दिसायचे.

या मुलखाजवळ पाणी नाही, ऊब नाही. पण एक गोष्ट मुबलक आहे, ती म्हणजे ऊन. वर्षातले सुमारे ३०० दिवस तिथे स्वच्छ ऊन पडते. हवा विरळ व कोरडी असल्याने ते प्रखरही असते. म्हणजे तिथे अडचण उन्हाची नाही. दिवसाचे ऊन रात्रीपर्यंत टिकवायचे कसे, ही आहे. या एका प्रश्नावर तिथले सारे हरितगृह उभे आहे.

सर्वांत साधा प्रकार खंदकाचा. दोन-तीन फूट खोल चर खणायचा, त्यावर लाकडे टाकून प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा आणि रात्री वरून आणखी एक पांघरूण घालायचे. जमीन खोलवर तितकीशी गार होत नाही, तिचीच ऊब कामी येते. लेहमधील संरक्षण खात्याच्या कृषी प्रयोगशाळेने अशा स्वस्त रचनांचा प्रसार केला. जवानांना ताजे अन्न मिळावे आणि स्थानिक शेतकऱ्यालाही दोन पैसे मिळावेत, हा त्यामागचा हेतू.

दुसरा प्रकार मातीच्या घराचा. स्वयंसेवी संस्था आणि स्थानिक गवंडी यांनी मिळून तो सुधारत नेला. हे घर साधारण तीस फूट लांब व पंधरा फूट रुंद असते. लांबी पूर्व-पश्चिम आणि तोंड दक्षिणेला. उत्तर, पूर्व आणि पश्चिम या तीन बाजूंना कच्च्या विटांच्या दुहेरी भिंती असतात, आणि दोन भिंतींच्या मधल्या फटीत पेंढा किंवा भुसा भरलेला असतो. उत्तरेकडच्या छपराला पॉप्लरचे वासे व विलोच्या काटक्या घालून वर गवत-माती लिंपतात. दक्षिणेची उतरती बाजू तेवढी पारदर्शक प्लॅस्टिकची. शेगडी नाही, वीज नाही.

दक्षिणच का? २२ डिसेंबरच्या सुमारास आपल्याकडे सांगलीत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ५० अंशांच्या जवळपास असतो. लेहमध्ये तो जेमतेम ३२ अंश वर येतो. हे खालून येणारे ऊन उतरत्या प्लॅस्टिकमधून थेट आत शिरते आणि मागच्या भिंतीवर पडते. ती भिंत आतून काळी रंगवलेली असते, म्हणून ऊन शोषून घेते. दिवसभर तापलेली माती रात्री सावकाश ऊब सोडत राहते, आणि मधला पेंढा ती बाहेर जाऊ देत नाही. प्लॅस्टिकच्या आतून रात्री जाड कापडाचा पडदा ओढला, की बाहेर उणे वीस असतानाही नीट बांधलेल्या घरातले पाणी सहसा गोठत नाही.

काचेतून किरण आत येतात पण उष्णता बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून काचघर तापते, असे आपण शाळेत शिकलो. ते अर्धेच खरे आहे. रॉबर्ट वुड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०९ साली दोन पेट्या घेतल्या. एकीवर काच बसवली, दुसरीवर उष्णतेचे किरण सहज जाऊ देणारा सैंधव मिठाचा पत्रा. दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या. तापलेली हवा कोंडली जाते व वाऱ्याबरोबर निघून जाऊ शकत नाही, हेच ऊब टिकण्याचे मोठे कारण ठरले.

कोंडलेली हवा काय करते, हे मी पुस्तकाबाहेर शिकलो. गेल्या जानेवारीत आमच्या टोमॅटोची रोपे गारठ्याने वाढेनात. तात्यांची गोष्ट आठवून मी वाफ्यावर कामट्या वाकवून प्लॅस्टिक अंथरले, कडा मातीने गच्च दाबल्या आणि सकाळच्या एस.टी.ने कॉलेजला आलो. आप्पा पेठेत, आई दुसऱ्याच्या रानात भांगलायला. संध्याकाळी कागद उचलला, तर सगळी रोपे उकडल्यासारखी माना टाकून पडलेली. रोपवाटिकेतून उधारीवर रोपे आणावी लागली. आप्पा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "घर बांधलंस खरं, पर दार कुठं ठिवलं हुतंस?"

लडाखच्या घराला ते दार असते. भिंतीत खाली आणि छपरात वर अशा झडपा ठेवतात. ऊन चढले की त्या उघडायच्या, उतरायच्या आत लावायच्या. दमट, उबदार हवा कोंडून राहिली की मावा आणि बुरशी येते. हे रोजचे लक्ष बहुतेक घरांत बायकाच ठेवतात. पाणी मात्र थोडे लागते. कारण पानांतून व मातीतून उडालेली वाफ प्लॅस्टिकवर थिजून पुन्हा खाली ठिबकते.

अशा घरात पीक कोणते घ्यावे, हेही ऊनच ठरवते. डिसेंबरअखेर लेहचा दिवस दहा तासांहून थोडा कमी भरतो. त्या काळात रोपांची वाढ फार मंदावते. म्हणून पालक, कोथिंबीर, मेथी, मोहरी, कांद्याची पात अशा पालेभाज्या शरद ऋतूतच पेरतात आणि कडाक्याच्या थंडीत पाने खुडून खातात. पालकासारखे रोप हळूहळू थंडीला सरावले, की पेशींतली साखर वाढते आणि त्यांतले पाणी सहज गोठत नाही. टोमॅटो, वांगी यांना मात्र जास्त ऊब लागते. त्यांची रोपे वसंताच्या तोंडाला या घरात तयार करतात.

हॉलंडची प्रचंड काचघरे नैसर्गिक वायू जाळून तापवतात. २०२२ साली वायू महागला तेव्हा तिथल्या काही शेतकऱ्यांना हिवाळ्यात ती रिकामी ठेवावी लागली. लडाखच्या मातीच्या भिंतीला असे बिल येत नाही. प्लॅस्टिक तेवढे काही वर्षांनी बदलावे लागते, आणि तेच बाहेरून आणावे लागते.

हे सारे मी आप्पांना समजावून सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे हरिपूरच्या हळदीचं पेवच की रं! दिवसा ऊन भरायचं, राती काढून खायचं."

जमिनीतल्या खोल पेवांत हळद साठवून ठेवण्याची हरिपूरची रीत आप्पांनी जन्मभर पाहिली आहे. मला जे सांगायला तास लागला, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

या जानेवारीत आम्ही वाफ्यावर पुन्हा कागद घातला. मी कॉलेजला असतो, तेव्हा आप्पा किंवा आई नऊला कडा उचलतात आणि पाचला खाली सोडतात. या खेपेस रोपे उधार आणावी लागली नाहीत.