सांगणारा कोण?

आमच्या नवेगाव बांधहून मनोरुग्णाला घेऊन माणसे नागपूरच्या मनोरुग्णालयात जातात. डॉक्टर सोबतच्या माणसाला विचारतात, आजारापूर्वी याचा स्वभाव कसा होता? प्रश्न रास्त आहे. औदासीन्याने ग्रासलेला रोगी स्वतःला जन्माचा नालायक म्हणवतो. आजार त्याच्या आठवणींनाही ग्रासतो. म्हणून १९८१ साली लंडनमध्ये मान आणि सहकाऱ्यांनी स्वभावाचे मूल्यमापन जवळच्या माणसाच्या मुलाखतीवरच बेतले.

पण हा जवळचा माणूस कोण, हे मला महत्त्वाचे वाटते. समजा, धानाच्या बांधीत राबणारी दलित बाई आहे. नवरा सांगेल, पहिल्यापासून भांडखोर. शेतमालक सांगेल, उर्मट. आई सांगेल, लेक म्हणजे गरीब गाय. तिघेही खरे बोलत असतील. प्रत्येक जण तिच्याशी असलेले आपले नाते सांगतो. तिने पूर्ण मजुरी मागितली, एवढाच त्या ‘उर्मट’चा अर्थ असू शकतो. केसपेपरवर मात्र तो शब्द रोगाच्या शेजारी जाऊन बसतो.

म्हणून विशेषण ऐकून थांबू नये. भांडण कुणाशी, कशावरून झाले? सांगणारा तिच्यासोबत किती वर्षे राहिला? सोबत रोवणी करणाऱ्या बायांना कुणी विचारले का? (त्यांचे नागपूरचे भाडे कोण देणार, हा प्रश्न आहेच.) २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ३ सांगते की सामाजिक दर्जावरून किंवा रूढ मूल्ये न पाळण्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. सोबत जाणाऱ्या कार्यकर्त्याने हे कलम ठाऊक करून घ्यावे. आणि आजार ओसरल्यावर तिलाच पुन्हा विचारा, असा आग्रह धरावा.