काचेवरचं शेवाळ

ओहोटीच्या वेळी कोकणातल्या खडकांवरून जो चालला आहे, तो एकदा तरी घसरलेला असतोच. पायाखाली हिरवट-तपकिरी बुळबुळीत असं जे येतं, तसंच काहीसं खाऱ्या पाण्याच्या फिशटँकच्या काचेवर धरतं. समुद्रात त्याला कोणी नावं ठेवत नाही. घरात मात्र पाहुणे आले की पहिला प्रश्न, ‘टाकी धूत नाही का हो?’

धुतो. पण काच पुसणं वेगळं आणि शेवाळ आवरणं वेगळं, हे कळायला मला पाच गोगलगायी आणि एक समुद्रफूल गमवावं लागलं. झालं असं, की टाकीच्या दुसऱ्या वर्षी काच पुसली की तिसऱ्या दिवशी पुन्हा हिरवी व्हायला लागली. वैतागून एका दुकानातून शेवाळावरचं औषध आणलं. ‘थोडे थेंब टाका, काच आरशासारखी होईल.’ झालीही. पण औषधात तांबं होतं. बाटलीवर बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. मासे सहन करतात तेवढं तांबंही पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांना विष ठरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोगलगायी काचेवरून गळून वाळूत पडल्या होत्या, समुद्रफुलाचा चोळामोळा झाला होता. मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं, त्यामुळे दोन्ही क्लाऊनफिश पाण्याच्या पृष्ठभागाशी धापा टाकत होते. ते वाचले. माझी मुलगी मात्र विचारत राहिली, ‘बाबा, आता हे झोपणार कुठे?’ तांबं दगडांत आणि वाळूतही मुरतं नि हळूहळू पाण्यात उतरत राहतं, म्हणून तेही सगळं फेकावं लागलं. आणि पंधरा दिवसांत शेवाळ परत हजर!

कारण मी त्याच्या जेवणाला हातच लावला नव्हता. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया होतो. जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. नायट्रेट माशांना फारसं जाचत नाही, पण शेवाळाला ते खतच. जोडीला खाण्यातून येणारं फॉस्फेट. युरिया आणि सुपर फॉस्फेट कशासाठी टाकतात हे शेतकऱ्याला विचारा. आपण तेच काम रोज चिमटीचिमटीनं करत असतो. वर दिव्याचा उजेड असतोच.

रंगावरून बरंच कळतं. नव्या टाकीत तपकिरी भुकटी धरते ती डायटम नावाच्या सूक्ष्म जीवांची. त्यांचं कवच सिलिकाचं असतं आणि बहुधा काही आठवड्यांत ती आपोआप ओसरते. गडद लाल, सालीसारखी सुटणारी साय म्हणजे शेवाळ नव्हेच, ते सायनोबॅक्टेरिया. गुलाबी-जांभळे टणक ठिपके दिसले तर खुशाल आनंद माना. ते चुनखडीचं शेवाळ, समुद्रात प्रवाळाचे खडक सांधून धरणारं. समोरच्या काचेपुरतं खरवडा, बाकी राहू द्या.

आता उपाय. दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं टाका. गोठवलेलं असेल तर वितळवून त्याचं पाणी ओतून द्या. दिवा आठ तासांच्या आसपास, तोही टायमर लावून. आपल्या आठवणीवर भरवसा नको. खिडकीचं ऊन थेट पडत असेल तर टाकीची जागाच बदला. बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, आणि तीही आरओच्या. नळाच्या पाण्यातून थोडं थोडं नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका येतं आणि साठत जातं. पाणी बदलण्याआधी काच खरवडा, म्हणजे निघालेली घाण पाण्याबरोबर बाहेर जाईल. चुंबकाची घासणी वाळूजवळ नेताना मात्र जपून. एक कण अडकला की काचेवर कायमचा ओरखडा. माझ्या टाकीवर वीतभर लांबीचा आहे. काचेला ब्लेड चालतं, ऍक्रिलिकला प्लॅस्टिकच हवं. बाद झालेलं एटीएम कार्ड उत्तम.

एक उपाय पावणेदोनशे वर्षांचा जुना आहे. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५०च्या सुमारास मासे आणि पाणवनस्पती एकत्र ठेवून पाहिल्या. पानं कुजून पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवट थर चढला. त्यांनी तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या आणि प्रयोग मार्गी लागला. खाऱ्या टाकीत हे काम नेराइट गोगलगायी करतात. त्या भरती-ओहोटीच्या खडकांवरच्या, त्यामुळे रात्री पाण्याबाहेर चढायची खोड असते. एक मला भिंतीवर सापडली होती. शिवाय काचेवर पांढरी टणक अंडी चिकटवतात, ती खरवडायचं काम पुन्हा आपलंच. शंखांच्या काही जातींना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा किनाऱ्यावरून दिसेल ते उचलून आणू नका.

आणि अतिरेकही नको. नायट्रेट, फॉस्फेट शून्यावर आणण्याच्या हट्टापायी कधी कधी डायनोफ्लॅजेलेट नावाचा तपकिरी, बुडबुडे धरणारा चिकट प्रकार फोफावतो. त्याच्यापेक्षा हिरवं शेवाळ परवडलं.

आता मी दोन दिवसांआड फक्त समोरची काच पुसतो. मागच्या काचेला हात लावत नाही. तिथे गोगलगायी चरतात आणि पुसलेल्या काचेतून त्या छान दिसतात.