रंग आणण्याआधी भिंत बघा

दसऱ्याच्या आधी आठ दिवस रंगाच्या दुकानात उभं राहिलं की जो तो शेडकार्ड मागताना दिसतो. मोतिया घ्यावा की अबोली, पिस्ता की आकाशी, यावर घरातली सगळी माणसं हिरिरीने बोलत असतात. भिंतीला ओल आहे का, जुना रंग कोणता, पोपडे सुटलेत का, हे मात्र क्वचितच कोणी सांगतं. थोड्या पैशांत, स्वतःच्या हाताने घर सजवायचं म्हणणाऱ्यांची पहिली चूक इथेच होते. पैसे कमी असले की ते चटकन नजरेत भरेल अशा गोष्टीत घालावेत असं वाटतं. खरं तर अशा वेळी ते न दिसणाऱ्या तयारीत घालायचे असतात, कारण तेच काम पुन्हा करायला पैसे उरलेले नसतात.

"चांगल्या कंपनीचा रंग दिला की ओल झाकली जाते"

सगळ्यांत महागात पडणारा समज हाच. आमच्या पहिल्या घरातली पश्चिमेकडची भिंत मी दोन वर्षांत दोनदा रंगवली. ऐन दिवाळीत ती सुरेख दिसायची. पुढच्या जुलैत खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात आधी पांढरी पूड दिसू लागायची, मग रंगाला फुगे यायचे आणि बोट लावलं की पापुद्रा हातात यायचा. ती पूड म्हणजे बुरशी असं आम्ही समजत होतो. ते होते क्षार. विटेतले आणि सिमेंटमधले क्षार पाण्यात विरघळून भिंतीच्या पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जातं आणि मागे राहिलेले स्फटिक रंगाला बाहेर ढकलतात. गवंडी याला लोणा म्हणतात. रंग कितीही महागाचा असो, मागून येणाऱ्या पाण्यापुढे तो टिकत नाही. तिसऱ्या वर्षी खिडकीच्या चौकटीभोवतीची फट बाहेरून भरून घेतली, भिंत पूर्ण वाळू दिली, तेव्हा रंग टिकला.

ओल कुठून येते हे कळायला एक साधी चाचणी आहे. फूटभर लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीला लावून चारही कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि दोन दिवस तसाच ठेवायचा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले, तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला जमले, तर ती खोलीतलीच वाफ आहे, स्वयंपाकाची किंवा घरात वाळत घातलेल्या कपड्यांची. पहिल्या बाबतीत गवंडी किंवा प्लंबर लागतो. दुसऱ्या बाबतीत खिडकी उघडी ठेवून आणि पंखा लावून बरंच काम भागतं.

दिवाळीच्या आधी रंग द्यायचा ही आपली रीत. पण कोकणात, मुंबईत पावसाचा मारा खाल्लेली भिंत ऑक्टोबरात आतून वाळलेली नसते. बाकीचं घर जरूर रंगवा, ती एक भिंत मात्र फेब्रुवारी-मार्चपर्यंत राहू द्या.

रंगकामाची खरी मेहनत रंगाच्या आधीच होते. सुटलेले पोपडे पत्रीने खरवडायचे, भेगांत लांबी भरायची, ती वाळली की पॉलिश पेपरने घासायची, धूळ ओल्या फडक्याने पुसायची, प्रायमरचा एक हात द्यायचा आणि मग रंगाचे दोन हात. गुळगुळीत भिंतीवर एक लिटर प्लास्टिक पेंट दोन हातांना मिळून साधारण पन्नास-साठ चौरस फुटांना पुरतो. म्हणजे १० बाय १० फुटांच्या भिंतीला दोन लिटर. हा हिशेब आधी केला तर अर्धा डबा रंग माळ्यावर वाळत पडत नाही.

जुना ऑइलपेंट घासणार असाल तर एक काळजी घ्यायलाच हवी. घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या दारं-खिडक्यांच्या रंगात शिसं असू शकतं. ते कोरडं घासू नका. पाणी मारून ओलं घासा, तोंडाला मास्क लावा, आणि लहान मुलांना व गरोदर बाईला त्या खोलीत येऊ देऊ नका. शिसं मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं, इथे हयगय चालणार नाही.

"लहान खोलीला पांढराच रंग हवा"

पांढरा रंग प्रकाश परत फेकतो हे खरं, पण त्यासाठी मुळात प्रकाश हवा. इमारतीच्या डक्टकडे उघडणाऱ्या खोलीतला पांढरा रंग राखाडी आणि उदास दिसतो. अशा खोलीत छत पांढरं ठेवून भिंतींना फिकट पिवळसर किंवा मातकट रंग दिला तर ती जास्त प्रसन्न वाटते.

त्याहून मोठा फरक दिव्याने पडतो. आपल्याकडे छताला एकच लख्ख पांढरी ट्यूब असते आणि तिच्या उजेडात प्रत्येक वस्तू दवाखान्यातल्यासारखी दिसते. एलईडी बल्बच्या खोक्यावर आकडा लिहिलेला असतो: ६५०० के म्हणजे निळसर पांढरा उजेड, २७०० ते ३००० के म्हणजे पिवळसर ऊबदार. दोन्हींच्या किमतीत फारसा फरक नसतो. अभ्यासाच्या आणि ओट्याच्या जागी पांढरा असू द्या. बसायच्या कोपऱ्यात खांद्याच्या उंचीवर एक पिवळा बल्ब लावून संध्याकाळी ट्यूब बंद करून बघा. शंभरेक रुपयांत खोली इतकी बदलणारा दुसरा उपाय मला ठाऊक नाही.

"साडीचे पडदे म्हणजे काटकसरीची खूण"

हे ऐकलं की मला वाईट वाटतं. ज्या महाराष्ट्रात जुन्या लुगड्यांच्या घड्या घालून, बारीक धावदोऱ्याने शिवलेल्या गोधड्या पिढ्यान्‌पिढ्या अंगावर घेतल्या, तिथे जुन्या कापडाची लाज कशाची? कपाटात कितीतरी सुती साड्या नुसत्या पडून असतात. पदर विरलेला, मधला भाग धडधाकट.

सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट. चार बाय चार फुटांच्या खिडकीला वर अर्धा फूट आणि खाली अर्धा फूट धरून पाच फूट लांबीचा पडदा लागतो. दुमडपट्टी आणि दांडीच्या नेफ्यासाठी आणखी एक फूट धरा. सहा-सहा फुटांचे तीन तुकडे एका साडीतून निघतात. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच, त्यामुळे दोन तुकडे मिळून खिडकीच्या जवळपास दुप्पट रुंदी होते आणि पडद्याला छान चुण्या पडतात. तिसऱ्या तुकड्याचे उशांचे अभ्रे करता येतात.

यात एक गंमत आहे. साडी अशी आडवी कापली की तिचे काठ पडद्याच्या दोन्ही उभ्या कडांवर येतात. तिथे शिवण घालावीच लागत नाही, फक्त वर आणि खाली. पदराचा भाग चांगला असेल तर तो तुकडा पदर खाली येईल असा लावा. कापण्याआधी साडी धुऊन वाळवा आणि उजेडात धरून बघा. विरलेली जागा तिथेच दिसते. रेशमी साडी मात्र उन्हाच्या खिडकीला लावू नका. सूर्यप्रकाशाने रेशमाचा धागा कुजतो आणि घडीवर फाटतो. आजीच्या पैठणीचा काठ काचेच्या फ्रेममध्ये, उन्हापासून लांबच्या भिंतीवर शोभतो.

"घरातली झाडं हवा शुद्ध करतात"

हा समज १९८९च्या नासाच्या एका अभ्यासातून पसरला. तो अभ्यास बंद पेटीत केलेला होता. आपल्या घरात दारं-खिडक्यांतून हवा सतत बदलत असते. अशा अनेक प्रयोगांची फेरतपासणी २०१९ साली झाली, तेव्हा असं दिसलं की नेहमीच्या वायुविजनाइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील, कदाचित हजारही. तेव्हा 'हवा शुद्ध करणारं' म्हणून महागडी कुंडी घेऊ नका. शेजाऱ्यांकडून मनीप्लँटची एक फांदी मागून आणा आणि काचेच्या बाटलीत ठेवा. डोळ्यांना मिळणारा हिरवेपणा पुरेसा मोलाचा आहे. पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण बदला, नाहीतर डेंग्यूचे डास होतात.

"स्वतः केलं की स्वस्तच पडतं"

नेहमी नाही. चार खिळ्यांसाठी ड्रिल मशीन विकत घेणं हा तोटाच आहे. ते शेजारी मिळतं, हार्डवेअरच्या काही दुकानांत भाड्यानेही मिळतं. भिंतीला भोक पाडताना स्विचबोर्डच्या सरळ वरची किंवा सरळ बाजूची जागा टाळा, आतली वायर बहुधा तिथूनच गेलेली असते. नवीन पॉइंट काढायचा असेल तर इलेक्ट्रिशियनच बोलवा. त्याची मजुरी वाचवण्यात शहाणपण नाही.

भंगारवाल्याकडच्या लाकडी पॅलेटचं टेबल करायची सध्या हौस आहे. पॅलेटवर शिक्का असतो. 'एचटी' असेल तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेलं आहे, ते घ्या. 'एमबी' असेल तर त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते सोडा. तेल किंवा रसायन सांडल्याचे डाग असतील तर शिक्का कोणताही असो, घरात आणू नका. पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातून किंवा इतर कुठूनही जुनी खुर्ची घेतलीत, तर सांध्यांत आणि खाचांत ढेकूण नाहीत ना, हे टॉर्च मारून बघा. दोन दिवस कडक उन्हात ठेवा आणि मग आत घ्या.

चिकटणाऱ्या हुकांबद्दलही असाच घोळ होतो. टाइल, काच, सनमायका यांवर ते घट्ट बसतात. डिस्टेंपरच्या किंवा चुन्याच्या भिंतीवर ते भिंतीला धरतच नाहीत, वरच्या भुकटीला धरतात आणि फ्रेमसकट खाली येतात.

अकरा महिन्यांच्या करारावर राहणारे म्हणतात, भाड्याच्या घराला कशाला सजवायचं? पण वर्षातल्या तीनशे पासष्ट संध्याकाळी तुम्ही तिथेच घालवता. पडदे, दिवा, बाटलीतली वेल, फ्रेममधला काठ हे सगळं पुढच्या घरीही सोबत येतं. म्हणून कामाला लागा, पण यंदा शेडकार्ड मागण्याआधी फूटभर प्लास्टिक भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस थांबा.