सरकारी जंगलातलं लपण



"तू खरंच शिकारीला जातोस?" हा प्रश्न आमच्या इथल्या पॉटलकमध्ये हमखास येतो. त्याच्या उत्तराला चहाची दोन आधणं लागतात, म्हणून तो वाद आज बाजूला ठेवतो. आज दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितोय. गेल्या सीझनपासून तीन जणांनी तो मला वेगवेगळ्या शब्दांत विचारला. आपल्याकडे इथे ना जमीन, ना कुणा काकांचं शेत. मग सरकारी जमिनीवर, पाठीवरून नेता येणारं ग्राउंड ब्लाइंड घेऊन हरणाची शिकार जमते का?

जमते. पण दुकानातल्या व्हिडिओत दाखवतात तशी नाही.

आधी शब्दाचं बघू. पक्षी बघणारे आणि वन्यजीवांचे फोटो काढणारे लोक आपल्याकडे याला 'लपण' म्हणतात. मचाण झाडावर, लपण जमिनीवर. कॉलेजात असताना बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेला मी मेळघाटात एक रात्र मचाणावर काढली होती. तिथे हातात फक्त वही-पेन्सिल होती आणि जनावरं पाणवठ्यावर येणार हे ठरलेलं होतं. इथे ते काही ठरलेलं नसतं.

मी मॅडिसनला राहतो, त्यामुळे पुढचं सगळं विस्कॉन्सिनचं आहे. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथली नियमांची पुस्तिका दरवर्षी नव्याने वाचा. नॅशनल फॉरेस्ट आणि काउंटीच्या जंगलांचे नियमही वेगळे असू शकतात. मी जातो तो भाग लोअर विस्कॉन्सिन स्टेट रिव्हरवेचा. प्रेअरी द्यू सॅकच्या धरणापासून मिसिसिपीच्या संगमापर्यंत नदीचा ९२ मैलांचा हा पट्टा. त्यातली बरीच जमीन राज्याच्या डीएनआर खात्याची, म्हणजे सगळ्यांची. नदीकाठी पुराच्या पाण्यात उभी राहणारी मेपलची झाडं, वर वाळूच्या टेकाडांवर ओक. ओकचं फळ पडतं तिथे हरीण येतं.

ऑफिसातल्या इथल्या सहकाऱ्यांपैकी अनेकांकडे आजोबांची चाळीस एकर असते. ते ऑगस्टमध्ये ब्लाइंड उभं करतात आणि विसरून जातात. नोव्हेंबर येईपर्यंत हरणांना ते गोठ्याइतकं ओळखीचं झालेलं असतं. आमच्या भागातल्या डीएनआरच्या जमिनीवर हे चालत नाही. शिकारीची वेळ संपली की ब्लाइंड पूर्ण उचलून न्यायचं, आणि दिवसासुद्धा ते रिकामं सोडून जायचं नाही. रोज आणा, रोज न्या. (तिथल्याच वाळक्या काटक्या-पाल्याचा आडोसा केला तर ही अट नाही. पण मग तुमच्याबरोबर ब्लाइंड नाही, काटक्याच आहेत.)

या एका नियमाने सगळं गणित बदलतं. हरणाला सवय होईल ही आशाच संपते. तुमचं लपण म्हणजे काल तिथे नसलेला, आज अचानक उगवलेला ठोकळा. आणि वजन! मी हब पद्धतीचं वापरतो. चार भिंती आणि छप्पर, प्रत्येकाच्या मधोमध एक हब, त्यातून फुटणाऱ्या लवचीक काड्या. दोरी ओढली की भिंत छत्रीसारखी टक्कन बाहेर फुगते. दोघं बसतील एवढं घेतलं तर पंधरा पौंडांच्या आगेमागे जातं. त्यावर स्टूल, क्रॉसबो, पाणी, पोळीचे रोल. पार्किंगपासून पाऊण मैल अंधारात चालून बघा, म्हणजे तीन माणसांचं ब्लाइंड का घ्यायचं नाही ते आपोआप कळेल.

ठोकळा लपवायचा कसा? झाडं, फांद्या तोडायला सरकारी जमिनीवर बंदी आहे, तेव्हा जागाच अशी शोधायची की तोडावं लागणार नाही. मी आडव्या पडलेल्या मोठ्या झाडाच्या बुंध्याला पाठ लावतो, शक्यतो सावलीत, आणि जमिनीवरच्या मेलेल्या फांद्या भिंतींना टेकवतो. मुद्दा असा की ब्लाइंडची चौकोनी कड कुठेही आकाशावर उठून दिसू नये. आत पायाने पाला बाजूला सारून माती मोकळी करतो. आपल्याला ऐकूही न येणारी पानांची चुरचूर हरणाला घंटेसारखी ऐकू जाते. चारी कोपऱ्यांना खुंट्या ठोकायच्याच. या ब्लाइंडांना वाऱ्यावर पतंग व्हायची हौस असते.

खिडक्या सगळ्या उघडल्या की आरपार उजेड येतो आणि तुमची आकृती सिनेमाच्या पडद्यासारखी दिसते. म्हणून मागच्या बंद, पुढची एक किंवा दोन अर्धी उघडी, आणि ती उघडझाप उजाडायच्या आत उरकलेली. क्रॉसबोवाल्यांसाठी एक खास गोष्ट. दुर्बीण बाणाच्या दोन-तीन इंच वर असते. दुर्बिणीतून हरीण स्वच्छ दिसतं, पण बाण मात्र खिडकीच्या खालच्या कडेत घुसू शकतो. धनुष्याचे दोन्ही पंख सुटताना कापडाला लागणार नाहीत एवढी जागाही लागते. घरी, हिरवळीवर, स्टुलावर बसून हे मोजून घ्यावं.

वाऱ्यावर ब्लाइंडचा इलाज नाही. कापड वास अडवत नाही, दुकानदार काहीही म्हणो. सकाळी ऊन चढतं तशी हवा उताराने वर सरकते, संध्याकाळी खाली येते. मी सकाळी हरणाच्या वाटेच्या वरच्या बाजूला बसतो. वारा उलटला तर चूपचाप आवरून घरी.

आता रंग. बंदुकीच्या सीझनमध्ये, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस, कमरेवरच्या बाहेरच्या कपड्यांचा निम्मा भाग भडक केशरी (२०१६ पासून भडक गुलाबीही) असावा लागतो. तुमच्या हातात क्रॉसबो असला तरी. आणि डीएनआरच्या जमिनीवरच्या ब्लाइंडवर सगळ्या बाजूंनी दिसेल असं किमान १४४ चौरस इंच केशरी कापड लावावं लागतं, म्हणजे एक फूट बाय एक फूट. नवखे लोक कुरकुरतात की मग लपून उपयोग काय? उपयोग आहे. हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. आपला केशरी त्याला झगझगीत दिसत नाही. निळा मात्र त्याला छान दिसतो, आणि कपडे 'चमकवणाऱ्या' साबणाने धुतलेलं जाकीट तर फारच. म्हणून केशरी बिनधास्त घाला, निळी जीन्स घरी ठेवा.

सरकारी जमिनीवरच्या ब्लाइंडचं निम्मं काम हरणापासून लपवणं आहे आणि निम्मं काम माणसांना दिसणं. माझ्या मते हे दुसरं काम जास्त महत्त्वाचं. आत बसल्यावर तुम्हाला मागचं काही दिसत नाही, आणि बाहेरच्याला तुम्ही दिसत नाही. खाजगी जमिनीवर कोण कुठे बसलंय हे घरच्यांना माहीत असतं. इथे चारी दिशांनी अनोळखी माणसं येतात आणि त्यांचा हक्क तुमच्याइतकाच असतो. मी एका फुटावर न थांबता चारी भिंतींवर आणि छपरावर केशरी कापड वेलक्रोने लावतो. कुणी जवळ येताना दिसलं तर हात हलवत नाही. हलणारी वस्तू हरीण वाटू शकते, म्हणून मोठ्याने माणसासारखं बोलायचं. गेल्या वर्षी पहिल्याच शनिवारी एक आजोबा चाळीस यार्डांवर आले. मी आतून "गुड मॉर्निंग" म्हटलं. ते थांबले, माझी खिडकी कोणत्या दिशेला आहे विचारलं आणि टेकाडापलीकडे गेले. संध्याकाळी पार्किंगमध्ये त्यांनीच माझं ब्लाइंड पिशवीत कोंबायला मदत केली. हे काम जुना होल्डॉल बांधण्यासारखं आहे, फक्त बोटं गारठलेली.

सगळेच असे भेटतात असं नाही, आणि विस्कॉन्सिनमध्ये राहून हे न लिहिणं बरोबर नाही. लाओसमधून निर्वासित म्हणून आलेला ह्मोंग समाज इथे मोठा आहे. त्यांच्यात शिकारीची परंपरा आहे आणि आपल्यासारखीच त्यांच्यातल्या बहुतेकांकडे जमीन नाही. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये सॉयर काउंटीत एक ह्मोंग शिकारी दुसऱ्याच्या खाजगी जमिनीवरच्या मचाणावर बसला होता. त्यावरून वाद पेटला आणि त्याने सहा जणांना मारलं, दोघं जखमी झाले. त्याला जन्मठेप झाली. २००७ च्या जानेवारीत मरिनेट काउंटीत, सरकारी जमिनीवर, खारींच्या शिकारीला गेलेल्या एका ह्मोंग माणसाचा एका गोऱ्या शिकाऱ्याने खून केला. त्याला ६९ वर्षांची शिक्षा झाली. इतकी वर्षं गेली, पण इथल्या ह्मोंग सहकाऱ्याशी शिकारीबद्दल बोला, दहाव्या मिनिटाला या दोन गोष्टी निघतात. म्हणून सीमारेषा दाखवणारा नकाशा फोनवर उतरवून ठेवा (नदीकाठी रेंज नसते) आणि सीमेपासून चांगलं आत बसा. कायदा तुमच्या बाजूने असला तरी कडेवर बसू नका.

याच धाग्यातला एक घरगुती वाद. डीएनआरच्या जमिनीवर ब्लाइंडच्या दाराजवळ मालकाचं नाव-पत्ता किंवा डीएनआरचा ग्राहक क्रमांक लावावा लागतो. बायको म्हणते क्रमांक लाव, अनोळखी माणसाला आपलं नाव कशाला कळायला हवं? मला वाटतं, वाचणाऱ्याला आत नाव असलेला माणूस बसलाय हे कळलेलं बरं. सध्या दोन्ही लावलंय. एकमत झालेलं नाही.

व्हिसावरच्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं आता. केंद्रीय कायद्याने एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगायला मनाई आहे. एक मुख्य अपवाद म्हणजे वैध शिकार-परवाना जवळ असणं. पण विस्कॉन्सिनचा परवाना ३१ मार्चला संपतो. १ एप्रिलला बंदूक कपाटात आहे आणि नवा परवाना नाही, तर तो गंभीर गुन्हा. नोकरी, व्हिसा, ग्रीन कार्डची रांग, सगळं त्या कपाटात. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई लागू नाही. मी रांगेत आहे, म्हणून क्रॉसबो. या कायद्याच्या दृष्टीने ते अग्निशस्त्र नाही, आणि २०१४ पासून विस्कॉन्सिनमध्ये कुणालाही त्याने शिकार करता येते. बंदूकच हवी असेल त्याने आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावं, 'अमक्याने असंच केलं' यावर जाऊ नये.

१ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. तो करण्याआधी चाखून बघायचं असेल तर अनुभवी माणसाच्या हाताच्या अंतरावर बसून शिकार करायची सोय आहे. दोघांचं ब्लाइंड त्यासाठी उत्तम. मचाणावर हे अवघड.

हरीण मिळालंच तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन नोंद करायची आणि सीडब्ल्यूडीच्या तपासणीसाठी डोकं जवळच्या डीएनआरच्या पेटीत टाकायचं. हा मेंदूचा रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२ मध्ये पहिल्यांदा सापडला, तोही आमच्याच डेन काउंटीच्या भागात. तपासणी फुकट आहे. रिपोर्ट येईपर्यंत मटण फ्रीजरमध्ये वेगळं ठेवतो, आणि रोग निघाला तर खायचं नाही. एकदा तसं निघालं आणि पूर्ण हरीण टाकून द्यावं लागलं. त्या दिवशी घरात वरणभात होता.

ऑगस्टमधल्या एखाद्या शनिवारी आमच्या अपार्टमेंटमागच्या हिरवळीवर ब्लाइंड उघडून-मिटवून दाखवायला मी तयार आहे. मिटवायला दोन मिनिटं लागतात असं खोक्यावर लिहिलंय. येताना घड्याळ आणा :-)