पिकअपचा टायर: रुंदीच्या आधी वजन

नारायणगावात टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज घाटाने वाशीला निघणारी पिकअप आणि शहरात मिरवायला घेतलेली डबल कॅब. दोन्हींचे मालक टायरच्या दुकानात एकच प्रश्न विचारतात, ‘जरा रुंद बसेल का?’ बसतो बहुतेक वेळा. पण माल वाहणाऱ्याने आधी दुसरंच काही विचारायला हवं.

टायरवर २१५/७५ आर १५ असं लिहिलेलं असतं. रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ७५ टक्के, रिम १५ इंची. ही झाली साइज. तिच्यापुढचा बारीक आकडा भारक्षमतेचा: १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०८ म्हणजे हजार. १०८/१०६ अशी जोडी दिसली तर दुसरा आकडा मागे जोडचाकं असलेल्या गाडीसाठी.

खरी गफलत इथेच होते. प्रवासी बोलेरोची आणि तिच्या पिकअपची साइज बऱ्याचदा हीच, २१५/७५ आर १५. प्रवासी गाडीचा टायर पिकअपच्या रिमवर बिनतक्रार चढतो, दिसतोही तसाच. आता हौद्यात दीड टन माल घातला, गाडीचं स्वतःचं वजन धरून मागच्या ॲक्सलवर १,८०० किलो आले, तर शंभर आकड्याचे दोन टायर मिळून १,६०० पेलतात. उरलेले दोनशे किलो कुणी उचलायचे? शिवाय हवा कमी असली तर तेवढाही भार पेलवत नाही. दरवाजाजवळच्या पट्टीवरची हवा टायर थंड असतानाच तपासायची.

रुंदीचा मोह झालाच, तर २३५/७५ घेतल्यावर टायर ३ सेंटिमीटरने उंच होतो. गाडी मात्र दीडच सेंटिमीटर उचलली जाते. काटा ६० दाखवतो तेव्हा वेग साडेबासष्टच्या आसपास असतो, आणि भरल्या गाडीने घाट चढताना ओढ साधारण चार टक्के घटते. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला घासू शकतो, ते वेगळंच. कंपनीच्या नोंदीबाहेरचा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्येही अडकू शकतो.

मॅगव्हील दिसायला छान. पण खड्ड्यात आपटलं तर तडकण्याची भीती. लोखंडी डिस्क वाकते आणि बहुधा ठोकून सरळ होते. मालगाडीला मी तीच घेईन. चाक बाहेर काढणारी रिम तर नकोच, बेअरिंगवर ताण येतो.

पैसे देण्याआधी टायरचं वय बघा. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. हा आकडा बऱ्याचदा एकाच बाजूला असतो, तेव्हा टायर उलटा करून दाखवायला सांगा.